खुडबुडबाई आणि आई ‘ब’

खुडबुडबाईंबरोबर बाजारात जायला घरातलं कोणी तयार नसे. कोबीचा गड्डा माणूस दाबून बघतो, फार तर उलटा करून बघतो. बाई तो कानाशी नेऊन पिळायच्या. बुटांच्या दुकानात त्यांनी कधी बूट पायात घालून आरशात पाहिलं नाही. बूट हातात घ्यायचा, टाच गल्ल्याच्या फळीवर आपटायची, डोळे मिटायचे आणि “छे, हा खोटं बोलतो” म्हणून परत द्यायचा. दुकानदार बिचारा स्वतःच्याच बुटाकडे संशयाने बघत राहायचा. लेक लहान होती तेव्हा अशा वेळी ती दोन दुकानं पुढे जाऊन उभी राहायची, जणू या बाईंचा नि तिचा काडीचा संबंध नाही.

बाईंचं तरी काय चुकलं? पोटाचा धंदाच तो. पडद्यावर माणूस जिना चढतो, कोट काढून खुर्चीवर टाकतो, रागाने दार लोटतो. कार्टूनच्या चित्रपटात तर हे सगळं नुसतं रंगवलेलं. चित्राला पाय असतात, पण पाऊल वाजत नाही. ते वाजवायचं काम खुडबुडबाईंचं. एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्यांची खोली होती. जमिनीचे चौकोन पाडलेले, एकात वाळू, एकात खडी, पुढे फळ्या, फरशी आणि कोपऱ्यात पत्रा. भिंतीला लागून पादत्राणांची रास, राजाच्या जोड्यांपासून भुताच्या सपातांपर्यंत. शिवाय मोडक्या बॅगा, कपाटाची निखळलेली बिजागरी, आणि पक्षी उडवायला उघडमीट करायच्या जुन्या छत्र्या. बाई मायक्रोफोनपुढे उभ्या राहून पडद्याकडे बघत पावलं टाकायच्या. काचेपलीकडे बसून ती टिपून घेणारा ध्वनिमुद्रक, ज्याला सगळे कानसेन म्हणत, तो हात वर करून म्हणायचा, “झालं!”

नाहीतर म्हणायचा, “बाई, गुडघा!”

कारण बाईंचा उजवा गुडघा वाजायचा. तरुणपणी एका पळणाऱ्या चोराला पावलं देताना त्या पत्र्यावरून घसरल्या, तेव्हापासून हे दुखणं मागे लागलं ते लागलंच. वाकताना, चढताना, कधी नुसतं उभं राहताना, कट्! राजकन्या हळूच अंतःपुरातून निघते आहे, सगळीकडे सामसूम, आणि मध्येच कट्! कानसेनने आजवर कापून टाकलेले ते कट् जपून ठेवले असते, तर त्यांवर एक आख्खा युद्धपट निघाला असता.

स्वभावाने मात्र बाई भलत्याच संशयी. पडद्यावर हाड मोडल्याचा आवाज म्हणजे खरं तर गाजर आहे हे ज्या माणसाला ठाऊक, तो दुनियेत कशावर विश्वास ठेवणार? डॉक्टर हसून बोलला की बाईंना वाटायचं, आजार मोठा आहे, लपवतोय. गंभीरपणे बोलला की वाटायचं, आजार नाहीच, उगाच खेपा घालायला लावतोय. शेजारीण आपणहून विचारपूस करायला आली तर ती परत जाईपर्यंत बाई तिच्या हातातल्या पिशवीवरची नजर काढायच्या नाहीत.

आणि एक दिवस त्या तळघरात तो चित्रपट येऊन थडकला.

लहानथोरांनी एकत्र बसून पाहायचा कार्टूनचा चित्रपट, दूरच्या कुठल्याशा ग्रहावरची गोष्ट, यंत्रं वगैरे आहेत, आणि सांगायचं काय, तर आईचं महत्त्व. बाहेरच्यांना माहीत होतं ते एवढंच. बाकी सगळं गुपित. गोष्ट फुटू नये म्हणून कंपनी चित्रपटाचे तुकडे पाठवायची, तेही मुके, मागचे पुढे नि पुढचे मागे केलेले. आणि गंमत अशी, की बाईंची सख्खी लेक त्याच कंपनीत होती. पात्र चालेल कसं, वळेल कसं, उभं राहिलं तर हात कुठे ठेवील, हे सगळं ती ठरवायची आणि चितारायची. पण गोष्टीबद्दल घरच्या भिंतीशीसुद्धा बोलायचं नाही अशी ताकीद तिला होती. कंपनीजवळच खोली घेऊन राहायची आणि सुट्टीच्या दिवशी घरी जेवायला यायची.

“आईचं महत्त्व!” बाई कानसेनला म्हणाल्या. “आईशी चार वाक्यं धड बोलायला सवड नाही हिला, आणि निघाली जगाला आईचं महत्त्व सांगायला. कुठेतरी पाणी मुरतंय बघ.”

“तुमचं आपलं काहीतरीच, बाई,” म्हणत कानसेनने पहिला तुकडा लावला.

चित्रपटात दोन आया होत्या. तोंडवळा एकच, कपडे एकसारखे, केसांची गाठसुद्धा तश्शीच. कंपनीने एकीला नाव दिलं होतं आई ‘अ’ आणि दुसरीला आई ‘ब’. दोघींतली एक खरी, दुसरी तिच्यासारखं दिसणारं यंत्र. कोण खरी ते कळवलं नव्हतं. तूर्त दोघींना साधी माणसाची पावलं द्या, यंत्राचं काय ते आम्ही मागाहून बघू, असा निरोप होता.

आई ‘अ’ पडद्यावर आली आणि बाईंना बरं वाटलं. काय शांत बाई! मुलीच्या केसांतून सावकाश फणी फिरवते आहे, पांघरुणाची कड नीट दुमडते आहे, जेवताना समोर बसून राहते आहे. घाई म्हणून नाही. बाईंना एकदम आपल्या नणंदेची आठवण झाली. हुबेहूब वन्सं!

मग आई ‘ब’ आली.

दोन्ही हात सामानाने भरलेले, म्हणून कंबरेने दार ढकलून आली. दार दाणकन आपटलं असणार, कारण मुलगी दचकली. टेबलावरचा पेला तिने उचलला, आणि पाणी प्यायची सोडून तो कानाशी नेऊन हलवला. एक स्क्रू सापडला, तोही कानाशी. जिना चढू लागली. दोन पायऱ्या चढली की थबकायची, उजव्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि मग पुढे.

काचेपलीकडे कानसेन खो खो हसत सुटला. “अहो बाई, ही तर तुम्हीच! लेकीने काय उचललंय तुम्हाला! पेलासुद्धा सोडला नाही!”

बाई हसल्या नाहीत.

‘ब’ म्हणजे मी. बरं. मग यंत्र कोण? एक आई मायेने फणी फिरवते, दुसरी सांधा अडकलेल्या गाडीसारखी चढते नि वस्तू कानाशी धरून त्या काय आहेत ते ओळखायला बघते. यात यंत्र कोण हे सांगायला कंपनी कशाला हवी? शेंबड्या पोरालाही कळेल.

बाईंच्या मनात हे एवढ्या पटकन का आलं, त्याला कारण होतं. लेक लहान असताना नवरा बोटीवर कामाला, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. घर चालायचं बाईंच्या पावलांवर. चित्रपटाचं काम संपेपर्यंत तळघरातून हलता यायचं नाही. पोरीच्या वेण्या घातल्या त्या आत्याने, शाळेत पोचवलं आत्याने, ताप आला तेव्हा कपाळावरच्या पट्ट्याही आत्याच्याच. बाई घरी पोचायच्या तेव्हा पोरगी झोपलेली. एकदा, बारा-तेरा वर्षांची असेल, रागाच्या भरात ती म्हणाली होती, “तू नुसती येतेस नि जातेस. आत्याच माझी आई.” दुसऱ्या दिवशी ती विसरलीही. बाई कसल्या विसरताहेत!

त्या पहिल्या दिवशी शेवटी जो तुकडा लागला, त्याने तर कहरच केला. मुलगी पालथी झोपली आहे. आई ‘ब’ पाय न वाजवता येते, खाली वाकते आणि मुलीच्या पाठीला कान लावते. किती वेळ तशीच.

हे त्या करायच्या. घरी आल्यावर, अगदी रोज. दिवसभर खोटे आवाज काढून काढून कान विटलेले असायचे. पोरीच्या पाठीला कान लावला की एक खरा आवाज मिळायचा. हे त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. पोरगी तर गाढ झोपलेली. मग लेकीला कळलं कुठून?

दारातून बघणारं माणूस घरात एकच होतं.

“वन्सं,” घरी गेल्या गेल्या बाईंनी तोफ डागली, “तुम्ही पोरीला काय काय सांगत असता हो माझ्याबद्दल?”

नणंद शेंगा सोलत होती. वय झालं होतं, पण जीभ कात्रीसारखी चालायची. “काय सांगणार? आईला फोन कर म्हणते. करते का?”

“मी तिच्या पाठीला कान लावायची ते तुम्हीच सांगितलंत ना तिला?”

नणंदेच्या हातातली शेंग तशीच राहिली. “पाठीला कान? कोण? तू? अगं वहिनी, हे तर मला नवीनच! दमून यायचीस नि आडवी व्हायचीस, मला एवढंच माहीत. कशाला लावायचीस कान?”

“सोंग नका करू.”

“सोंग करायला मी काय तुझ्या सिनेमात आहे?”

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. चेहरा साफ होता. इतका साफ, की बाईंचा संशय दुप्पट झाला.

सुट्टीच्या दिवशी लेक जेवायला आली, तेव्हा बाईंनी खडा टाकून पाहिला. “तुमच्या त्या ग्रहावरची यंत्रं... बिघडतात का गं मधूनमधून?”

“आई, मला सांगता येत नाही. माहीत आहे ना तुला?”

“मी कुठे विचारते? मी आपलं हवेत बोलले.”

“तुला कळेलच की,” लेक पानावरून मान वर न करता म्हणाली, आणि गालातल्या गालात हसली. “तुलाच आधी कळेल.”

त्या हसण्याने बाईंचा उरलासुरला धीरही सुटला. म्हणजे पोरीची इच्छाच आहे, मला कळावं. तोंडाने बोलवत नाही म्हणून चित्र काढून सांगते आहे, की बाई, तू माझी आई नव्हतीस, आईसारखं दिसणारं काहीतरी होतीस. येत होतं नि जात होतं. नणंदेने वाढलेलं बाईंच्या पानात तसंच राहिलं, आणि लेक म्हणाली, “बरं नाही का तुला?” तर बाई म्हणाल्या, “यंत्राला काय धाड भरलीय?” लेकीला काही उमगलं नाही. ती आत्याकडे बघायला लागली, आत्याने खांदे उडवले.

विचारून टाकायचं होतं की सरळ! एका वाक्याचं काम. पण संशयी माणसाची हीच तर गोम असते. त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, मग विचारायचं कशाला आणि वर खोटं कशाला ऐकून घ्यायचं?

दुसऱ्या दिवशी बाई तळघरात गेल्या त्या निर्धार करूनच. कपाटाची निखळलेली बिजागरी काढली. पत्र्याच्या चौकोनावर उभ्या राहिल्या. आई ‘ब’ जिना चढायला लागली तशी त्यांनी पावलं दिली ती खिळे ठोकलेल्या जड बुटांची, आणि ती थबकली की प्रत्येक वेळी बिजागरी पिळली. कुईंऽऽ.

कानसेनने काम थांबवलं. “बाई, हे काय? साधी पावलं सांगितलीत ना? आणि यंत्र ‘ब’ आहे असं कोण म्हणालं?”

“देवाने डोळे दिलेत मला.”

“विचारू का कंपनीला?”

“इतकी वर्षं माझ्याबरोबर काम करतोस. माझा कान कधी चुकलाय?”

कान नव्हता चुकला, हे खरंच. कानसेनने पुन्हा टिपायला घेतलं. कंपनीला तरी काय, आयतं यंत्र मिळालं तर बरंच, असं त्याने स्वतःला समजावलं असेल.

आणि मग खुडबुडबाईंनी आई ‘अ’ला जे आवाज दिले, ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. पायांत नणंदेच्या जुन्या मऊ सपाता घालून त्या चालल्या. फणीसाठी स्वतःचे केस सोडले. पांघरुणासाठी घरून लेकीची लहानपणची गोधडी आणली, इतकी धुतलेली की तिचा आवाज नुसता श्वासासारखा यायचा. ती कड दुमडताना बाईंच्या डोळ्यांना धार लागली. आपण जे केलं नाही, ते त्या आईला वन्संच्या सपातांनी करून देत होत्या. आपल्या वाट्याच्या ‘ब’ला मात्र त्यांनी माफ केलं नाही. पाठीला कान लावायच्या तुकड्यात त्यांनी दाढी करायच्या मशीनची बारीक किरकिर लावून दिली, यंत्र पोराला तपासून बघत असल्यासारखी. कानसेनने तोंड वाकडं केलं, पण टिपून घेतलं.

सगळे तुकडे जोडून झाल्यावर कंपनीने ऐकून बघायला बोलावलं. मोठं सभागृह, मध्ये बटणांचं लांबलचक टेबल. दिग्दर्शक पुढे बसलेला, त्याच्या बाजूला लेक. मागच्या ओळीत कानसेन आणि बाई. बाईंनी लेकीच्या मानेकडे बघत मनाशी ठरवलं होतं, चित्रपट संपला की काही न बोलता उठून जायचं.

गोष्ट पहिल्यांदाच ओळीने, बोलण्यासकट सुरू झाली. दूरच्या ग्रहावर काचेच्या घुमटाखाली वस्ती. आत हवा पुरवणारी मोठाली यंत्रं बाहेर, आणि ती दुरुस्त करायला जातात त्या वस्तीतल्या आया. कामावरून यायला त्यांना उशीर होतो. पोरं हिरमुसतात. म्हणून वस्तीचे कारभारी एक युक्ती काढतात. प्रत्येक घरी आईसारखीच दिसणारी एक आई बनवून देतात. कधी न दमणारी. कधी उशीर न करणारी. फणी फिरवणारी, पांघरूण दुमडणारी.

बाई खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाल्या.

कारभाऱ्यांनी खोका उघडला आणि आतून, नणंदेच्या मऊ सपाता वाजवत, आई ‘अ’ बाहेर आली.

“अगं बाई,” खुडबुडबाई पुटपुटल्या. कानसेनने कपाळाला हात लावला.

पडद्यावर आई ‘ब’, हाडामांसाची, दमलेली, हवेची यंत्रं दुरुस्त करून करून वस्तू कानाशी धरायची सवय लागलेली, जिना चढत होती. कुईंऽऽ. पडद्यावरची पोर आईच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती, आणि आई येत होती खिळ्यांच्या बुटांनी, लोखंडासारखी. मग वस्तीत धूर झाला, दिवे गेले. काळ्या पडद्यावर दोन्हीकडून एकाच आवाजातली हाक आली. दोन्ही आया म्हणतात, माझा हात धर. कोणाचा हात धरायचा? पोरगी डोळे मिटून पावलं ऐकते. एकीकडून माया ओतलेल्या सपाता, दुसरीकडून पत्रा आणि बिजागरी. आणि पोरगी धावत सुटते ती बिजागरीकडे.

दिग्दर्शकाने चित्रपट थांबवला. “ही यंत्राकडे का पळतेय?”

“माझी चूक,” कानसेन उठून म्हणाला. “मी अदलाबदल केली.”

“त्याची नाही,” बाई म्हणाल्या. “माझी आहे.”

लेक मागे वळली. तिच्या आधी काही लक्षात आलं नाही, मग हळूहळू आलं, आणि तिचा चेहरा उतरला. ती उठली, ओळीतून वाट काढत आली, आईचा दंड धरून तिला बाहेर बोळात घेऊन गेली.

“आई, तू ओळखलं होतंस ना स्वतःला?”

“हो.”

“आणि तरी तुला वाटलं, ते यंत्र आहे?”

“ओळखलं म्हणूनच वाटलं,” बाई म्हणाल्या. “तूच म्हणाली होतीस. नुसती येतेस नि जातेस. केलं ते सगळं वन्संनी. मग खरी आई म्हणून तू मला कशाला काढशील?”

“कधी म्हणाले मी असं?”

“म्हणालीस. बारा-तेरा वर्षांची होतीस.”

“आई! मी तेव्हा चपलेवरूनसुद्धा घर सोडून जाणार होते!” लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती चिडलीही. “दोन वर्षं मी त्या बाईला चालवतेय. तू कशी थबकतेस, हात कुठे ठेवतेस, सगळं. तुला बघताक्षणी कळेल, तू हसशील, मला फोन करशील, म्हणून वाट बघत होते. आणि तू तिला बिजागरी लावलीस!”

पण संशय असा एका दमात थोडाच मरतो? बाईंनी नाक पुसलं आणि विचारलं, “मग आत्या काय यंत्र?”

“आत्याला मी काढलंच नाही. आत्या असती तर कारभाऱ्यांची काय बिशाद होती घरात खोका आणायची!”

हे मात्र बाईंना पटलं. त्या जरा हसल्यासुद्धा. मग एकदम थांबल्या.

“आणि पाठीला कान? ते तुला कोणी सांगितलं? वन्सं तर नाही म्हणतात.”

“कोणी कशाला सांगायला हवं? पाठ माझीच होती ना?”

“तू झोपलेली असायचीस.”

“नव्हते.”

“मला फसवतेस? माझे कान आहेत हे. झोपेतला श्वास मला कळत नाही होय?”

“म्हणून तर किती सराव केला मी,” लेक म्हणाली. “जिन्यात तुझा गुडघा वाजायचा. बूट हातात घेऊन यायचीस तू, पण गुडघा कसा काढून हातात घेणार? कट् ऐकू आलं की मी पालथी व्हायचे आणि श्वास लांब लांब घ्यायचे. जागी दिसले असते तर ‘झोप आता’ म्हणून दिवा मालवून गेली असतीस. झोपलेली असले की कान लावून बसायचीस.”

आयुष्यभर बाईंनी सगळ्या जगाच्या खरेपणावर शंका घेतली होती. फक्त त्या एका झोपेवर घेतली नव्हती.

दिग्दर्शकाने मुदत दिली आणि तळघरात काम नव्याने सुरू झालं. लेक रजा टाकून येऊन बसली. बिजागरी बाईंनी स्वतःच्या हाताने बॅगेत कोंबली. आई ‘अ’च्या सपाता तशाच ठेवायच्या असं लेकीनेच ठरवलं, कारण यंत्र पोरांना आवडायलाच हवं, त्याशिवाय गोष्टीत भीती कशी यावी? बाई म्हणाल्या, “हे वन्संना सांगू नकोस हं.”

आई ‘ब’साठी बाईंनी मोजे घातले आणि लाकडी जिन्याचा तुकडा मांडला. चालल्या. थबकल्या.

“पावलं बरोबर आहेत,” लेक म्हणाली. “पण गुडघा कुठाय? पोरगी त्यावरून तर ओळखते.”

कानसेनने कान टवकारले. “काय हवंय?”

“गुडघा.”

“एवढी वर्षं कापत आलो मी तो!”

आणि नेमका गुडघा वाजेना. बाईंनी चढून पाहिलं, उतरून पाहिलं, उकिडवं बसून पाहिलं. ढिम्म. गुडघ्याला त्यांनी दोन-चार शेलक्या शिव्याही दिल्या. कानसेन हसून हसून बेजार झाला. शेवटी लेक म्हणाली, “राहू दे. आधी पाठीचा तुकडा करू.”

एरवी असल्या कामाला बाई उशी घेत. त्यांनी उशी उचललीही. लेकीने ती काढून बाजूला ठेवली, चष्मा काढला आणि बाकावर पालथी झाली. कानसेनने मायक्रोफोन खाली आणून दिला आणि तो काचेपलीकडे गेला.

बाई बाकापाशी गुडघ्यावर बसल्या. कट्!

“बाई, गु...” कानसेनच्या तोंडून सवयीने निघालं, आणि त्याने जीभ चावली.

बाईंनी कान लेकीच्या पाठीला लावला. पाठ आता रुंद झाली होती, पण आत तेच चाललं होतं. श्वास लांब, सावकाश, अगदी गाढ झोपेतल्यासारखा. इतका चोख की बाईंना राहवेना.

“झोपलीस का गं?” त्यांनी संशयाने विचारलं.

श्वास तसाच चालू राहिला.

“झालं,” कानसेन म्हणाला. मग जरा वेळाने पुन्हा म्हणाला, “बाई, झालं.” बाईंनी कान काढला नाही.